सुरी न सोडणारा मुलगा



स्मरणिकेसाठी लेख पाठवा म्हणून संयोजकांचा तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा मी माळ्यावरचा जुना अल्बम खाली काढला. त्यात दहावीच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो आहे. मागे डोंगर आणि उगवता सूर्य रंगवलेला शाळेचा तो एकुलता एक पडदा. पुढे मी, कराटेच्या पांढऱ्या पोशाखात, एका मुलाचा हात पिरगाळून उभा. त्याच्या हातातून निसटलेली लाकडी सुरी खाली पडलेली दिसते. सुरीला चंदेरी कागद आम्ही हस्तकलेच्या तासाला चिकटवला होता. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे वर्षभर मला 'ब्रूस ली' म्हणून हाका मारल्या गेल्या, हेही काहींना आठवत असेल.

फोटोत माझ्यासमोर जो मुलगा आहे तो नववीतला. तो माझा खरा जोडीदार नव्हे. खरा जोडीदार आपल्याच वर्गातला, आणि तो त्या वेळी विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होता. तो तिथे का होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. ते सांगायलाच हा लेख लिहितो आहे. मात्र त्यासाठी मला जपानमार्गे, सुमारे तीनशे वर्षांचा वळसा घालून यावं लागेल. इतिहासाच्या तासाला मी मागच्या बाकावर झोपायचो, त्याची ही उशिरा केलेली भरपाई समजा.

सरावात जोडीदारानं नेमकं काय करायचं, हा तसा साधा प्रश्न. कराटेच्या वर्गात सर सांगायचे, "एकानं हल्ला करायचा, दुसऱ्यानं अडवायचं." हल्ला कोणत्या हातानं, कुठे, किती वाजता, सगळं ठरलेलं. जपानी भाषेत या सरावाला 'याकुसोकु कुमिते' म्हणतात. याकुसोकु म्हणजे वचन. मी इथेच मारीन असं एकानं दिलेलं वचन आणि मी इथेच अडवीन असं दुसऱ्यानं दिलेलं. नवशिक्याला याची गरज असते, त्याशिवाय हातपाय कुठे ठेवायचे तेच कळत नाही. खोट तिथेच थांबण्यात आहे. वचन देणारा शत्रू जगात कुठे भेटत नाही.

ही खोट आपल्या आधी अनेक पिढ्यांच्या लक्षात आली होती. जपानमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुगावा घराण्याची सत्ता आली आणि लढाया हळूहळू थांबल्या. तलवार कमरेला राहिली, पण रणांगण उरलं नाही. मग तलवारबाजीच्या शाळांमध्ये सराव व्हायचा तो मुख्यतः 'काता'चा, म्हणजे दोघांनी मिळून करायच्या ठरावीक क्रमाचा. हातात लाकडी तलवार. तीही डोक्यावर नीट बसली तर माणूस दगावेल, म्हणून वार अंगापासून थोडा अलीकडे थांबवायचा. क्रम ठरलेला, वेग ठरलेला, जिंकणारा ठरलेला. खऱ्या लढाईशी पडताळून पाहायची सोय नसल्यामुळे या क्रमांमध्ये दिखाऊ हालचाली शिरू लागल्या. जपानी लोक त्या शैलीला चक्क 'फुलांची तलवारबाजी' अशा अर्थाच्या नावानं हिणवू लागले.

यावरचा उपाय तत्त्वज्ञानातून आला नाही. तो आला कारागिरीतून. बांबूच्या चिरफाळ्या कातड्याच्या पिशवीत घालून केलेली सरावाची तलवार आधीपासून होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे १७११ ते १७१५ च्या दरम्यान, जिकिशिनकागे परंपरेतल्या नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो यानं डोकं, चेहरा आणि हाताची मनगटं झाकणारं संरक्षक साहित्य सुधारलं आणि बांबूच्या तलवारीनं खरोखर वार करण्याची पद्धत बसवली. पुढे १७५१ ते १७६४ या काळात इत्तो परंपरेतल्या नाकानिशी चुझो यानं लोखंडी जाळीचा मुखवटा आणि बांबूचं चिलखत वापरून तीच वाट रुंद केली. आता शिष्य एकमेकांना मनापासून मारू शकत होते. वार बसला की 'टाप्' असा आवाज यायचा, आणि बसला की नाही यावर गुरूचं मत विचारायची गरज उरत नसे. आजच्या केंडोचा पाया हाच.

इथे मला आपल्या गावची जत्रा आठवते. जत्रेच्या फडात एखादी कुस्ती नुरा असली, म्हणजे आधीच ठरवून लढलेली असली, तर दहा मिनिटांत बघ्यांच्या लक्षात यायचं. मग जो आरडाओरडा व्हायचा तो तुम्ही ऐकला आहे. धोतरातले म्हातारेसुद्धा उठून पैलवानांना गावाबाहेरचा रस्ता दाखवायचे. कुस्ती आपल्या रक्तात होती, तालमीत रोज समोरचा खराखुरा झगडतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून खोटेपणा कळायचा. कराटे गावात नवं होतं. आमची शाळेच्या स्टेजवरची झुंज नखशिखांत नुरा होती, आणि त्याच म्हाताऱ्यांनी तिला टाळ्या दिल्या.

आता जिगोरो कानो या माणसाकडे येतो, कारण माझ्या गोष्टीचा मधला सांधा तो आहे. जन्म १८६० चा, आजच्या कोबे शहराच्या परिसरातला. अंगानं लहानखुरा, अभ्यासात हुशार, आणि शाळेत दांडग्या मुलांचा मार खाणारा. मार चुकवायचा म्हणून टोकियोत विद्यापीठात शिकताना, १८७७ मध्ये, तो जुजुत्सु शिकायला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे गेला. पहिल्याच दिवसांतला प्रसंग त्यानं स्वतः सांगून ठेवला आहे. गुरूंनी एका डावानं त्याला आपटलं. त्यानं विचारलं, हात कसा फिरवायचा, पाय कुठे ठेवायचा? गुरू म्हणाले, ये इकडे, आणि पुन्हा आपटलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा आपटलं. असल्या प्रश्नांनी कुणाला काही येत नाही, पुष्कळदा करशील तेव्हा येईल, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता.

हे उत्तर कानोला पुरलं नाही आणि ते सोडूनही देववलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्याला तीन गुरू लाभले. पहिले फुकुदा १८७९ मध्ये गेले. दुसरे इसो मासातोमो, तेही १८८१ मध्ये गेले, त्यांचा भर कातावर असे. तिसरे कितो परंपरेतले इइकुबो त्सुनेतोशी, ते मोकळ्या झुंजीचा सराव भरपूर करून घेत. ठरावीक क्रम आणि मोकळी झुंज, दोन्हींची चव कानोला अशी एकापाठोपाठ मिळाली. या मोकळ्या सरावाचं नाव 'रांदोरी'. त्यात कोण कोणता डाव टाकणार हे ठरलेलं नसतं, दोघेही एकाच वेळी पाडायला आणि न पडायला बघत असतात.

फुकुदांच्या शाळेतल्या एका सोबत्याची गोष्ट मला फार आवडते. फुकुशिमा नावाचा हा गडी अंगापिंडानं आडवातिडवा होता, आणि कानोला काही केल्या तो पडत नसे. ठरावीक सराव असता तर फुकुशिमा शिस्तीनं पडला असता आणि कानो समाधानानं घरी गेला असता. तो पडत नव्हता म्हणून कानो सुमोचे डाव पाहू लागला. त्यांनीही भागेना, तेव्हा ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळू लागला. त्यातून त्यानं समोरच्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर आडवा उचलायचा डाव बसवला. आपल्या आखाड्यातल्या कलाजंगच्या जवळचा तो डाव. फुकुशिमा शेवटी त्यानंच पडला. ज्युदोमध्ये आज तो 'काता-गुरुमा' म्हणून शिकवतात. एका न पडणाऱ्या जोडीदारानं एका विद्येला दिलेली ही देणगी आहे.

१८८२ मध्ये कानोनं टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात आपली शाळा काढली, तिचं नाव कोदोकान. बारा चटयांची जागा आणि पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी. स्वतःचं वय एकवीस. मंदिरात रोज माणसं आपटली जायची, तेव्हा जमीन हादरायची, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या देव्हाऱ्यात कलंडायच्या आणि पुजारी वैतागायचा. मोडलेल्या तुळया सावरायला कानो स्वतः फळ्यांखाली शिरायचा, असं सांगतात.

रांदोरी पूर्ण जोरानं करायची तर माणसं शाबूत राहायला हवीत. कानोनं ठोसे, लाथा, हत्यारं आणि जीवघेणे डाव रांदोरीतून काढून कातात ठेवले. पडायचं कसं, हे आधी शिकवलं. हात चटईवर आपटून अंगाचा धक्का जिरवायचा. गळा आवळला गेला किंवा कोपर पिळलं गेलं तर समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या, की त्यानं तत्क्षणी सोडायचं. पुढे १९२५ पर्यंत कोपर सोडून बाकी सांध्यांचे पीळही रांदोरीतून वगळले गेले. वरवर पाहता हे सगळं खोटं करणं वाटेल. जीवघेणा डाव वगळला तर लढाई खरी कशी? उत्तर असं की, जो डाव जोडीदारावर पूर्ण जोरानं करता येत नाही, तो येतो की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. जो साधा डाव रोज झगडणाऱ्या माणसावर केला, तो मात्र अंगात मुरतो. त्या दोन थापांमुळेच समोरचा जीव तोडून प्रतिकार करू शकतो. म्हणजे खरा सराव विश्वासावर चालतो, आणि नुरा सरावात विश्वासाची गरजच पडत नाही.

इइकुबोंबरोबर रांदोरी करता करता कानोला एक गोष्ट उमगली. त्या काळात एके दिवशी त्याचे डाव गुरूंवर एकामागून एक बसू लागले. विचार केल्यावर त्याला कळलं, की तो हल्ली डाव टाकण्याआधी समोरच्याचा तोल हलवत होता. समोरचा पुढे रेटला की ओढायचं, मागे सरला की ढकलायचं, आणि तोल गेल्याच्या त्या अर्ध्या क्षणात आत शिरायचं. याला त्यानं 'कुझुशी' म्हटलं, आणि आठ दिशांनी तोल कसा मोडतो ते मांडलं. आता विचार करा, स्तब्ध उभ्या राहणाऱ्या जोडीदारावर हे कधी सापडलं असतं का? ज्याला तोल सांभाळायचाच नाही, त्याचा तोल मोडणार कसा?

आणि तरीही कानोनं काता टाकून दिलं नाही. तो मुळात शिक्षक होता, टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा अनेक वर्षं प्राचार्य. त्यानं दाखला दिला तो शाळेतलाच. काता म्हणजे व्याकरण आणि रांदोरी म्हणजे निबंध. नुसतं व्याकरण पाठ करून कुणाला निबंध येत नाही आणि व्याकरणाशिवाय लिहिलेला निबंध वाचवत नाही. आपल्या मराठीच्या बाईंनी हे वाक्य ऐकलं असतं तर फळ्यावर लिहून ठेवलं असतं.

कानोच्या या विद्येचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण मिळवलं जपानच्या शोहाची इशीईनं. खाशाबांची आणि त्याची लढत अटीतटीची झाली होती. हा इशीई मूळचा ज्युदोवाला. एक लाल मातीतून मॅटवर आलेला, दुसरा कोदोकानच्या परंपरेतून. दोघांमध्ये समान काय, तर रोज समोरून झगडणारा जोडीदार.

आता माझ्या आयुष्यातला ज्युदो. बारावीनंतर पुण्याला गेलो. कॉलेजच्या जिमखान्यात ज्युदोचा सराव चालायचा. मी कराटेचा रंगीत पट्टा मिरवत आत शिरलो. प्रशिक्षकांनी माझ्यापेक्षा दहा किलोनं हलका, चष्मा काढून बाजूला ठेवलेला एक मुलगा समोर उभा केला. त्यानं माझी बाही धरली. मी स्नेहसंमेलनात पिरगाळला होता तसा त्याचा हात पिरगाळायला गेलो. हात तिथे नव्हताच. पुढचं मला छताचा पंखा दिसला. असं सहा वेळा झालं. मी प्रशिक्षकांना विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" ते म्हणाले, "काही नाही. तुझा पाठ त्याला माहीत नव्हता, एवढंच."

एवढं कळूनही मी शहाणा झालो नाही, हे कबूल करायला हवं. नोकरी लागली, बदलीच्या गावी संध्याकाळी मुलींसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग घेऊ लागलो. हेतू चांगला होता. शिकवायचो मात्र तेच, मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन सोडवायचं. मी धरायचो, मुलगी झटका द्यायची, हात सुटायचा. सुटायचा, कारण मी सोडायचो. पालक खूश, मुली खूश, वर्गाचा फोटो स्थानिक पेपरात.

एका पावसाळ्यात अकरावीतली एक मुलगी वर्ग संपल्यावर थांबली. आदल्या आठवड्यात एसटी स्टँडच्या मागच्या बोळात एका मुलानं तिचा हात धरला होता. तिनं शिकवल्याप्रमाणे झटका दिला. हात सुटला नाही. तिनं पुन्हा दिला. त्यानं ओढायला सुरुवात केली. तिला पुढचं काही सुचलं नाही, कारण मी पुढचं काही शिकवलंच नव्हतं. शेवटी ती किंचाळली, एक फळवाला गाडी सोडून धावत आला आणि तो मुलगा पळाला. तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही धरता तसं त्यानं धरलंच नाही हो."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप येईना तेव्हा प्रथम आठवला तो आपल्या वर्गातला माझा जोडीदार.

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. सुरी त्याच्या हातात, मी मनगट धरून पिरगाळायचं, त्यानं सुरी टाकायची. तिसऱ्या दिवशी त्यानं टाकली नाही. मी जोर लावला, तरी नाही. मी चिडून सरांना हाक मारली, "सर, हा मुद्दाम सुरी सोडत नाही!" सरांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, मला काही झालंच नाही. मग मी सोडू कशी?" सरांना वाटलं तो उद्धटपणा करतो आहे. त्याला उरलेला वेळ मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी नववीतला मुलगा आला. तो पडद्याच्या दोरीवर गेला. मी काही बोललो नाही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

सरांना मी दोष देत नाही. त्यांनी आम्हाला पदरचे पैसे घालून पोशाख शिवून दिले होते, आणि त्यांना स्वतःला शिकवलं गेलं तेच त्यांनी शिकवलं. ही चूक मोठमोठ्यांच्या शाळांतही झाली आहे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ओकिनावाची कराटे टोकियोत नेली. तिथल्या विद्यापीठातल्या तरुणांना नुसत्या कातावर समाधान वाटेना. त्यांनी संरक्षक साहित्य घालून मोकळ्या झुंजी सुरू केल्या. फुनाकोशींना ते रुचलं नाही. पण तरुण थांबले नाहीत, आणि १९५७ मध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा भरली. शिष्य प्रश्न विचारतो, गुरूला तो उद्धटपणा वाटतो, हे आपल्या मैदानापुरतं नव्हतं.

सुरीचंच उदाहरण हवं असेल तर केंजी तोमिकींचं घ्या. ते कानोंचेही शिष्य आणि आयकिडोचे जनक मोरिहेइ उएशिबा यांचेही. आयकिडोमध्ये स्पर्धा नको असं उएशिबांचं मत होतं. तोमिकींनी वासेदा विद्यापीठात आयकिडोला रांदोरीची जोड दिली. त्यात एकाच्या हातात मऊ सुरी असते, दुसरा रिकाम्या हातांनी. सुरीवाल्यानं धडावर नीट भोसकलं तर गुण त्याला. म्हणजे सुरी न सोडणं हेच त्याचं काम. निम्म्या वेळानंतर सुरी दुसऱ्याच्या हातात जाते. आपल्या वर्गातल्या मुलाला मैदानाच्या फेऱ्या मिळाल्या, त्याच गोष्टीला तिथे गुण मिळाले असते.

मात्र मोकळी झुंज आली की सगळं खरं झालं, असंही समजू नये. एकोणिसाव्या शतकात ओइशी सुसुमु नावाच्या तलवारबाजानं पाच शाकूंहून लांब, म्हणजे जवळजवळ माणसाएवढी बांबूची तलवार घेऊन टोकियोतल्या नामांकित शाळांना हैराण केलं. मग लांब तलवारींची टूमच निघाली. एवढी लांब खरी तलवार कमरेला कोण लावणार? शेवटी १८५६ मध्ये शासनाच्या कोबुशो या लष्करी शाळेनं कमाल लांबी तीन शाकू आठ सून, म्हणजे सुमारे ११५ सेंटिमीटर, अशी बांधून दिली. खेळाचे नियम आले की माणूस नियम जिंकायला शिकतो. म्हणून दर काही वर्षांनी थांबून विचारावं लागतं, आपण नेमका कशाचा सराव करतो आहोत?

तो प्रश्न मी त्या पावसाळ्यात माझ्या वर्गाला लावला. पहिला टप्पा जुनाच ठेवला, सावकाश, विरोध न करता, फक्त हालचाल समजण्यापुरता. दुसऱ्या टप्प्यात धरणारीनं ओढायचं, ढकलायचं, हात बदलायचा, पण अर्ध्या जोरानं. तिसऱ्यात दोघींना वेगवेगळं काम दिलं. धरणारीनं दुसरीला भिंतीपर्यंत न्यायचं, आणि दुसरीनं दारापर्यंत पोचायचं. कसं, ते तिचं तिनं बघायचं. दोन थापा मारल्या की तत्क्षणी सोडायचं, हा नियम सगळीकडे.

पहिल्या दिवशी एकही मुलगी दारापर्यंत पोचली नाही. दोघी रडल्या. एका पालकानं मुलीला वर्गातून काढलं, आणि त्यांचा राग मला समजला. दोन-तीन महिन्यांनी बदल दिसू लागला. सुबक झटका क्वचितच कामी येत होता. कामी येत होतं ते पकड घट्ट व्हायच्या आत हलणं, ओढणाऱ्याच्या दिशेनंच अचानक पुढे जाऊन त्याचा तोल घालवणं, सुटल्यावर न थांबता पळणं, आणि पहिल्या क्षणापासून ओरडणं. स्टँडवरच्या त्या मुलीनं जे भीतीनं केलं होतं, तेच सगळ्यांत उपयोगी ठरलं. तीच पुढे माझ्या वर्गातली सर्वांत चिवट 'धरणारी' झाली. नव्या मुली तिच्यासमोर उभ्या राहायला कुरकुरायच्या. ती म्हणायची, "मी सोडणार नाही हं. तुलाच सुटावं लागेल."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शाळेचं मैदान आठवलं. चुन्याच्या रेषा, लिंबाखालचा हातपंप, आणि त्याच्याभोवती एकटाच फेऱ्या मारणारा एक मुलगा.

त्याचं नाव लिहीत नाही. तो संमेलनाला येणार आहे, यादीत पाहिलं मी. शाळेत असताना मला वाटायचं की त्यानं माझी मैत्री तोडली. आता कळतं, आमच्या दोघांत खरा जोडीदार एकटा तोच होता. मला डाव येत नाही हे त्यानं मला स्टेजवर जाण्याआधी सांगितलं, फुकट सांगितलं, आणि मी त्याची तक्रार केली. ते त्याच दिवशी ऐकलं असतं, तर कदाचित एका मुलीला बोळात उभं राहून ते शिकावं लागलं नसतं.

तेव्हा मित्रा, हे वाचशील तेव्हा समज, की ही त्या तक्रारीची मागे घेण्याची अर्जी आहे. संमेलनाला येताना मी लाकडी सुरी घेऊन येतो आहे. चंदेरी कागद लावलेला नाही. जेवणानंतर मैदानावर पाच मिनिटं दे. सुरी तुझ्या हातात. गुडघे दोघांचेही गेलेत, तेव्हा अर्ध्या जोरानं.

फक्त एक कर. सोडू नकोस.